जिभेखालचा खडा

माझी गाठ जेवणाच्या वेळा पाळायची. सकाळी उठल्यावर काही नाही, दहाच्या चहाला काही नाही. दुपारी डबा उघडला आणि दोन घास पोटात गेले की उजव्या जबड्याखाली ओढ बसायची, आणि हात लावला तर सुपारीएवढा फुगवटा लागायचा. डबा धुऊन, पुढचा तास सुरू होऊन मुलं वह्या काढेपर्यंत दुखणं ओसरायला लागायचं. शाळा सुटताना ती गाठ चाचपून शोधावी लागे.

हे सुरू झालं शिमगा आटोपल्यावर. मी देवरूखजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. त्या दिवसांत आमच्याकडे डब्यात कैरीचं काही ना काही असतंच. कैरीची डाळ, मेथांबा, नाहीतर ताजं लोणचं. कैरी असली की गाठ तटतटून यायची, पिठलं-भाकरी असली की निम्म्यावर राहायची. एकदा तर शेजारच्या बाई चिंच सोलत होत्या, मी नुसती बघत होते, तरी जबड्याखाली कळ आली. हे सगळं मी प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. ऐकून सगळ्यांनी घेतलं. त्याचा उपयोग केला तो एकीनेच, आणि तिच्यापर्यंत पोचेतो पावसाळा निम्मा सरला होता.

पहिला संशय दाढेवर गेला. उजव्या बाजूची खालची शेवटची दाढ किडलेली होतीच. डेंटिस्टने ती कोरून भरली, रूट कॅनाल लागेल का ते पुढे बघू म्हणाला. दाढ बरी झाली, गाठ तशीच. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लांबूनच बघून ‘गालगुंड’ म्हटलं आणि गोळ्या दिल्या. सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप घातला. आता मला कळतं की गालगुंड म्हणजे मुख्यतः कानापुढच्या लाळग्रंथीचा विषाणूसंसर्ग. ती सूज कानाच्या पाळीभोवती येते, काही दिवस मुक्काम ठोकून असते आणि ताट उचललं म्हणून उतरत नाही. माझी सूज जबड्याच्या हाडाच्या खाली, आतल्या अंगाला होती, आणि जेवण झाल्यावर तासा-दोन तासांत जायची. दोन्हींत इतका फरक असताना नाव मात्र एकच मिळालं होतं.

गोळ्या संपल्या, गाठ आहेच. मग रत्नागिरीला सोनोग्राफी. सकाळची वेळ मिळाली होती. पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी करतात म्हणून ही पण तशीच असणार असं धरून मी काही न खाता गेले. रिकाम्या पोटी माझी गाठ कुठून दिसणार! रिपोर्टात आलं की उजव्या जबड्याखालची ग्रंथी किंचित मोठी आहे आणि शेजारी दोन-तीन गाठी आहेत. त्या ‘गाठी’ या शब्दाने पुढचं सगळं वळण घेतलं. मानेत, जबड्याखाली गाठ म्हटली की आपल्याकडे डॉक्टरांना आधी टीबी आठवतो, आणि तसा तो आठवायलाही हवा. घरच्यांना मात्र दुसरंच आठवतं, ते कोणी तोंडाने बोलत नाही. आमच्या ह्यांनी त्या आठवड्यात बाजारातून मला आवडतात म्हणून दोनदा बोंबील आणले. एरवी ह्यांना वासही चालत नाही.

सुई टाकून तपासणी झाली. सुई टोचताना दुखतं ते इंजेक्शनइतकंच, फार काही नाही. रिपोर्टची वाट बघणं मात्र जिवावर येतं. रिपोर्ट साधा आला, टीबी नाही, वाईट काही नाही, शेजारच्या गाठी संसर्गामुळे सुजलेल्या. हायसं वाटलं, पण मग जेवताना काय सुजतंय, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं.

जुलैत प्रकरण पेटलं. एके रात्री गाठ आली ती उतरलीच नाही. सकाळी ताप, जबडा निम्माही उघडेना, गिळताना कानापर्यंत कळ. दुपारपासून तोंडात मधूनच खारट, घाण चवीचं काहीतरी यायला लागलं. तो पू होता. ज्या सर्जनकडे सुई टाकण्यासाठी गेलो होतो त्यांच्याकडेच पुन्हा गेलो. त्यांनी अ‍ॅन्टिबायोटिक दिली, ताप उतरला, आणि उतरल्यावर त्यांनी निर्णय सांगितला: ही ग्रंथी सारखी बिघडते आहे, काढून टाकू. पूर्ण भूल, जबड्याखाली दोन बोटं सोडून बाहेरून छेद, दोन दिवस दवाखान्यात. मी विचारलं, धोका काय? म्हणाले, तिथून खालच्या ओठाची एक नस जाते, क्वचित तिला धक्का लागला तर ओठाचा कोपरा थोडा खाली राहतो, बहुतेकांचा भरून येतो.

मी दिवसभर बोलून पोट भरणारी बाई. पहिलीच्या मुलांना अक्षरं तोंडाकडे बघून शिकायची असतात. ‘बहुतेकांचा’ हा शब्द घेऊन मी घरी आले आणि कोल्हापूरला बहिणीला फोन लावला. ताई म्हणाली, “अगं, ग्रंथी काढायची तर काढ, पण ती का सुजते ते तरी कोणी सांगितलंय का तुला?” तिच्या ओळखीच्या एक कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या. त्यांची वेळ घेतली.

साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की मला मळमळतं, म्हणून मी पर्समध्ये आवळासुपारी ठेवते. त्या दिवशी घाटात धुकं, समोर ट्रक, एसटी हळूहळू वर चढतेय, आणि मी आवळासुपारी तोंडात टाकली. घाटमाथा येईपर्यंत गाठ टम्म. ह्यांनी खिडकीच्या उजेडात मोबाइलवर तिचा फोटो काढला, बाजूने आणि समोरून. कोल्हापूरला पोचेपर्यंत ती उतरणार हे आता आम्हाला पाठ झालं होतं. तो फोटो पुढे फार कामाला आला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: “जेवताना येते?” मग दुसरा: “आंबट बघूनही येते?” फोटो बघितला आणि हसल्या. मग रबरी हातमोजा घालून म्हणाल्या, “जीभ वर टाळूला लावा.” एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली, आणि दोन्हींच्या मध्ये त्या हळूहळू मागून पुढे चाचपत आल्या. जिभेखाली, उजव्या अंगाला, मधल्या टप्प्यावर एका जागी थांबल्या. “हा बघा. इथं टणक लागतोय.” माझं बोट धरून त्यांनी मलाही ते लावून बघायला सांगितलं. खरंच होतं. मऊ जागेत, कातडीखाली, एक कडक कण. इतके महिने तो माझ्याच तोंडात होता आणि बोट घालून कोणी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी जे दाखवलं ते मी विसरणार नाही. जिभेच्या खाली मधोमध जी दोरीसारखी पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे असतात. लाळ तिथून बाहेर येते. त्यांनी ती जागा गॉजने कोरडी केली, माझ्या हातात आरसा दिला, जिभेच्या शेंड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकले आणि डाव्या ग्रंथीवर बाहेरून दाब दिला. डाव्या उंचवट्यावर लखलखीत पाण्याचा थेंब उभा राहिला, फुटला, दुसरा आला. उजवीकडे काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा जरा जोर लावल्यावर एक गढूळ, चिकट तार आली आणि थांबली. “आत लाळ तयार होतेय, बाहेर यायला वाट नाही. म्हणून फुगते. लाळ झिरपून गेली की उतरते. सोपं आहे,” त्या म्हणाल्या.

मग सोपं करून समजावलंही. मोठ्या लाळग्रंथींच्या आपल्याला तीन जोड्या असतात: कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या. शिवाय ओठ-गालांच्या आत शेकडो बारीक. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ. खडे होतात त्यातले 80 टक्क्यांहून अधिक जबड्याखालच्या ग्रंथीत. तिची लाळ दाट, कॅल्शियम जास्त असलेली, आणि तिची नळी साधारण पाच सेंटिमीटर लांब. ती ग्रंथीपासून पुढे आणि वर चढत येते. दाट लाळ, लांब नळी, त्यात चढण. मग कुठेतरी क्षार साचतात, त्यावर थर चढत जातात. या नळीला सतराव्या शतकातल्या थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरचं नाव आहे. इतकी जुनी ओळख असलेली नळी माझ्या कोणत्याच कागदावर आली नव्हती, याची मला गंमत वाटली. रागही आला, पण तो नंतर, घरी परतल्यावर.

खात्रीसाठी एक्स-रे काढला. हा साधा जबड्याचा एक्स-रे नव्हे. फिल्म दातांत आडवी धरायची आणि किरण हनुवटीखालून वर सोडायचे, म्हणजे हाड मध्ये येत नाही. या ग्रंथीचे बहुतेक खडे त्यात दिसतात, सगळे नाहीत. कानापुढच्या ग्रंथीचे त्या मानाने कमी दिसतात. माझा दिसला. दातांच्या कमानीच्या आत, काळ्यावर एक लांबट पांढरा ठिपका, सात मिलिमीटरचा. आणि हा एक्स-रे दातांच्या दवाखान्यातही निघतो. म्हणजे ज्या खुर्चीत बसून मी दाढ भरून घेतली, त्याच खुर्चीत हे निदान झालं असतं.

मागे, ग्रंथीच्या तोंडाशी दुसरा एखादा खडा दडला नाही ना, हे बघायला त्यांनी शिरेतून डाय न टोचता साधा सीटी स्कॅन करून घेतला. काही जणांना एकाहून जास्त खडे असतात. पुढचा काढला आणि मागचा राहिला तर दुखणं तसंच. सोनोग्राफीही पुन्हा केली, पण या वेळी तोंडात लिंबाची फोड ठेवून. पडद्यावर नळी काळ्या पट्ट्यासारखी रुंद होत गेली, तिच्या टोकाला चकचकीत पांढरी रेघ आणि रेघेखाली सावली. सोनोग्राफी करणारे डॉक्टर म्हणाले, “आता शिकवण्यासारखं चित्र आलं.” रत्नागिरीच्या सोनोग्राफीत यंत्राचा काही दोष नव्हता. ग्रंथी रिकामी होती आणि विचारलेला प्रश्न गाठींचा होता.

उपचारांचं त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून सांगितलं. खडा दोन-तीन मिलिमीटरचा आणि नळीच्या तोंडाशी असेल तर भरपूर पाणी, गरम पाण्याचा शेक, आंबट चघळणं आणि मागून पुढे मालिश, एवढ्यावर तो आपणहून बाहेर पडू शकतो. चार मिलिमीटरपर्यंतचे, नळीत सुटे फिरणारे खडे दुर्बिणीने काढता येतात. ही दुर्बीण एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, नळीच्या नैसर्गिक तोंडातूनच आत जाते, आणि तिच्यातून तारेची बारीक टोपली सरकवून खडा धरून ओढतात. मोठा असेल तर लेसरने फोडून तुकडे काढतात. ही सोय मात्र सगळीकडे नाही. मोठ्या शहरांत, ठरावीक ठिकाणी. माझ्यासारखा मोठा, पण पुढच्या भागात, बोटाला लागणारा खडा असेल तर तोंडातूनच नळीवर छेद देऊन काढणं सगळ्यात सरळ. ग्रंथी काढणं शेवटचं. खडा ग्रंथीच्या आत खोल रुतलेला असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या संसर्गाने ग्रंथीच निकामी झाली असेल, तर ते करावंच लागतं. “पण खडा निघाला की बऱ्याच ग्रंथी पुन्हा कामाला लागतात. तिला संधी देऊन बघू,” त्या म्हणाल्या.

मी रत्नागिरीच्या सर्जनना खलनायक ठरवत नाही. वारंवार पू होणारी ग्रंथी काढणं हा मान्य उपचार आहे, आणि शेजारच्या खोलीत दुर्बीण नसली की माणूस आपल्या हातातल्या सुरीचा विचार करतो. माझी तक्रार एवढीच की सुरी उचलण्याआधी बोट घालून बघायला अर्धं मिनिट लागतं.

संसर्ग पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं होतं. सुजलेल्या, पू असलेल्या जागेत छेद देणं टाळतात. त्या मधल्या काळात कळलं की लाळेत खडा होतो हे आमच्या पंचक्रोशीत कोणाला पटत नाही. ‘खडा’ म्हटलं की लोक कंबरेकडे बघतात. कुळथाचं कढण झालं, पाषाणभेदाचा पाला झाला, कोणी पानफुटीची पानं आणून दिली. एका पालकांनी शाळेच्या फाटकात गाठून “बाई, दूध बंद करा” असा सल्ला दिला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, मुतखडा होणाऱ्याला हा होतोच असं नाही आणि हा झालेल्याला मुतखडा होईलच असंही नाही. दूध खुशाल प्या, कढणही प्या, ते अंगाला चांगलंच आहे, खडा त्याने विरघळणार नाही.

त्यांनी मात्र वेगळंच काही विचारलं: पाणी किती पिता? मी खरं सांगितलं. शाळेत असताना जवळजवळ नाही. आमच्या शाळेत शिक्षकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, मुलांचं आहे त्याला पाणी उन्हाळ्यात नसतं. सकाळी घरून निघाल्यावर परत येईपर्यंत बाई माणसाने काय करायचं, तर पाणी प्यायचं नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत शिक्षिकांचा हा अलिखित नियम आहे. त्यात दिवसभर बोलणं, खडूची धूळ, आणि धुळीने शिंका येतात म्हणून रोज रात्री सर्दीची गोळी. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. “यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण लाळ कमी आणि दाट झाली की खड्याला बरं पडतं.” गोळीऐवजी त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला. स्वच्छतागृहाचा अर्ज आम्ही पंचायत समितीला आधीही दिला होता, आता माझ्या केस पेपरची प्रत जोडून पुन्हा दिला.

ऑपरेशन सकाळी झालं, जागेपणी. जिभेची नस सुन्न करायला जबड्याच्या मागच्या बाजूला एक इंजेक्शन, मग जिभेखाली एक-दोन. जिभेची उजवी बाजू जड झाली, ओठ सुजल्यासारखा वाटू लागला, आणि सुजलेला नव्हता. तोंड उघडं ठेवायला दातांत रबरी ठोकळा. डॉक्टर काय करताहेत ते त्या सांगत होत्या, आणि मला ते बरं वाटत होतं. काही जणांना नको वाटतं, त्यांनी आधी सांगून ठेवावं.

पहिलं काम खड्याच्या मागे नळीभोवती एक धागा घालून ताणून धरायचं. कारण छेद देताना खडा मागे सरकला आणि ग्रंथीत जाऊन बसला, तर सगळा खेळ बिघडतो. मग नळीच्या लांबीला धरून खड्यावर छेद. मागच्या भागात जिभेची नस खालून नळीला ओलांडून जाते, त्यामुळे जितकं पुढे काम तितकं निर्धोक. दुखत नव्हतं, ओढ कळत होती. नळी उघडताच साचलेली लाळ आली असावी, कारण तोंडातलं पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या नळीचा आवाज एकदम बदलला. “आला,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “थांबा, टवका निघाला.” खडा पकडीत धरताना त्याचा कोपरा तुटला होता. मग सलाइनने नळी पुन्हा पुन्हा धुतली, ग्रंथी बाहेरून दाबून मागचं सगळं पुढे आणलं, बारीक चुरा निघाला. शेवटी छेद पूर्ण शिवून बंद केला नाही. नळीच्या कडा तोंडाच्या आतल्या कातडीला टाक्यांनी जोडून नवं, रुंद तोंड करून ठेवलं. टाके आपोआप विरघळणारे. सगळं मिळून पाऊण तास गेला असेल.

गॉजवर ठेवून खडा दाखवला. पिवळट, खडबडीत, एका बाजूला चपटा. नखाने दाबला तर कडेला भुसभुशीत, आत कडक. कॅल्शियम फॉस्फेटचा, मधल्या भागात सेंद्रिय द्रव्य, असं त्यांनी सांगितलं. असे खडे फार सावकाश वाढतात, वर्षाला सुमारे मिलिमीटरभर असा अंदाज मानतात. म्हणजे माझा तिथे माझ्या आधीच्या शाळेपासून असणार.

मेडिक्लेममध्ये एक ठेच लागली. ह्यांच्या कंपनीची पॉलिसी आहे. विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या टीपीएकडून शंका आली की तोंडातलं आहे, मग हे दातांचं काम आहे का. दातांचा खर्च पॉलिसीत बसत नाही. डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र दिलं: लाळग्रंथीच्या नळीतला खडा, दातांशी संबंध नाही. पॉलिसीच्या मागच्या पानांवरच्या डे-केअर उपचारांच्या यादीत लाळग्रंथी आणि त्यांच्या नळ्यांवरच्या शस्त्रक्रिया बहुधा असतातच, आमच्या होत्या. चोवीस तास भरती राहण्याची अट त्याला लागत नाही. ते पान दाखवल्यावर दावा मंजूर झाला. ऑपरेशनच्या आधी ते पान वाचून ठेवलेलं बरं.

नंतरचे दिवस दुखण्यापेक्षा अडचणीचे होते. जिभेखालचा भाग सुजतो, जीभ तोंडात मावत नाही असं वाटतं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, पातळ पेज, थंड ताक. दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांच्या हुकमाने, आंबट. ज्या आंबटाने इतके महिने छळलं तेच आता औषध: लिंबाच्या गोळ्या, आमसूल, सोलकढी. लाळ वाहती राहिली तर नवं तोंड उघडं राहतं, नाहीतर भरून येताना आवळतं. पहिल्यांदा आमसूल जिभेवर ठेवलं तेव्हा सवयीने हात जबड्याखाली गेला. काही आलं नाही. जिभेखाली मात्र एकदम पाणी पाणी झालं, इतकं की गिळावं लागलं. जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि कानाच्या खालून हनुवटीकडे अंगठ्याने मालिश. मागून पुढे, उलट नाही.

शाळेत परत गेले तेव्हा टाके अजून आत होते आणि त्यांची टोकं जिभेला टोचत. सगळी अक्षरं निघत होती, एक ‘ळ’ सोडून. तो म्हणताना जीभ उलटी वळते आणि नेमकी ती जागा ताणली जाते. पहिलीच्या वर्गात ‘क, म, ळ’ घ्यायचं आणि बाईंच्या तोंडून ‘कमल’ यायचं. एका पोराने हात वर करून मला दुरुस्त केलं. मग तो पाठ त्यालाच घ्यायला लावला. जिभेच्या उजव्या कडेला काही आठवडे बधिरपणा होता, गरम चहा कळायचा नाही. तो हळूहळू गेला.

पुन्हा होऊ शकतो का? होऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. दिवाळीनंतरच्या सोनोग्राफीत नळी नेहमीच्या रुंदीची होती, ग्रंथीची सूज उतरलेली. आता जेवताना सूज आली तरच यायचं.

हे सगळं स्टाफरूममध्ये सांगताना आमच्या एका सहकारी बाईंनी आपल्या जबड्याखाली हात नेला. त्यांनाही गाठ होती, पावसाळ्यापासून. माझाच एक्स-रे आपणही काढावा असं त्यांच्या मनात आलं. मी विचारलं, जेवताना वाढते? नाही. आंबट खाल्लं की? नाही. सकाळी-संध्याकाळी तेवढीच, दुखत नाही, आणि वजन जरा उतरलंय. ही माझी गोष्ट नव्हती. जेवणाशी संबंध नसलेली, न उतरणारी गाठ असली तर तिथे सोनोग्राफी आणि सुईची तपासणीच पाहिजे, आणि लवकर. जबड्याखालच्या ग्रंथीत गाठी कमी होतात, पण झाल्या तर त्यातल्या बऱ्याच वाईट निघतात, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. ते मी त्यांच्याजवळ बोलले नाही, फक्त त्यांच्याबरोबर रत्नागिरीला गेले. ज्या सर्जननी माझी ग्रंथी काढायला सांगितली होती त्यांनीच सुई टाकली. गाठ ग्रंथीची नव्हती, शेजारची होती, आणि टीबीची निघाली. सहा महिन्यांचा कोर्स आहे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळतात. त्या रोज सकाळी उपाशीपोटी घेतात आणि शाळेत येताना आता पाण्याची मोठी बाटली आणतात. स्वच्छतागृहाच्या अर्जावर या वेळी दोघींच्या सह्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.